ग्रेटफुल डेडच्या टेप्स : परवानगी नेमकी कशाची होती?

इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल संग्रहालयावर ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची एखादी मैफल शोधली की एकाच रात्रीच्या अनेक नोंदी समोर येतात. त्यांतल्या काही डाउनलोड करता येतात, काही मात्र तिथल्या तिथेच ऐकाव्या लागतात. नव्या श्रोत्याला हा साइटचा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात २००५ च्या नोव्हेंबरात बँड आणि चाहते यांच्यात आठवडाभर चाललेल्या भांडणातून निघालेली ही तडजोड आहे आणि ती आजही लागू आहे. त्या भांडणावर लिहिताना ‘ज्या बँडने चाहत्यांना रेकॉर्डिंगची मोकळीक दिली, त्यानेच ती काढून घेतली’ असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. मोकळीक कशाची होती, हे आधी पाहायला हवे.

डेडच्या टेप्स दोन वाटांनी जन्मल्या. एक, श्रोत्याने सभागृहात स्वतःचे मायक्रोफोन उभे करून केलेले रेकॉर्डिंग. त्यात टाळ्या, शिट्ट्या, शेजारच्याचे बोलणे आणि सभागृहाचा घुमारा, सगळे येते. दुसरी वाट साउंडबोर्डची, म्हणजे मंचावरचे सगळे आवाज जिथे एकत्र होतात त्या बँडच्या स्वतःच्या मिक्सरमधून थेट निघालेल्या आवाजाची. त्यात प्रत्येक तार स्वच्छ ऐकू येते, पण सभागृह जवळजवळ नाहीसे होते. बँडने जाहीर परवानगी दिली ती पहिल्या प्रकाराला. दुसरा प्रकार बाहेर आला तो ओळखीपाळखीतून, रेडिओ प्रक्षेपणातून आणि एका लिलावातून. चाहत्यांनी मात्र हे दोन्ही साठे तीस वर्षे एकाच कपाटात ठेवले.

साउंडबोर्डच्या साठ्याची सुरुवात अभ्यासातून झाली. साठच्या दशकात बँडचा ध्वनितंत्रज्ञ रोजचा कार्यक्रम टेप करायचा. आज काय चुकले, कुठला आवाज दबला, हे नंतर ऐकून पाहायचे, एवढाच हेतू. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या मंचांवर तो काम करायचा, तिथे येणाऱ्या इतर कलाकारांचेही कार्यक्रम त्याने याच सवयीने टेप केले. मे १९७० मध्ये तिथल्या ‘फॅमिली डॉग’ या सभागृहात झालेली उस्ताद अली अकबर खाँ यांची मैफल त्याच्याच टेपमुळे टिकली. साथीला होते मुंबईचे, तेव्हा अवघ्या १९ वर्षांचे झाकीर हुसेन. ते रेकॉर्डिंग पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाले. तरुण झाकीरभाईंचा तबला ऐकायचा असेल त्याने ते जरूर मिळवावे.

चाहत्यांच्या टेप्समागचे कारण वेगळे. या बँडने कार्यक्रमाचा ठरलेला क्रम कधी ठेवलाच नाही. तेच गाणे आज सहा मिनिटांत संपायचे, तर महिन्याभराने वीस मिनिटे चालायचे. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले आणि स्टुडिओतल्या तबकड्या ऐकून त्यांतल्या कुठल्याच रात्रीचा अंदाज येत नाही. तरी सुरुवातीला बँडचीच माणसे टेप करणाऱ्यांच्या मागे लागत. १९६९ पासून अमेरिकेत चोरट्या तबकड्यांचा धंदा फोफावला होता, त्यामुळे मशीन घेऊन आलेला प्रत्येक जण त्यांना धंदेवाईकच वाटे. केबल कापल्याचे किस्से याच काळातले.

यावर चाहत्यांनीच तोडगा काढला. १९७१ मध्ये ब्रुकलिनमध्ये टेप-देवाणघेवाणीचे एक मंडळ सुरू झाले. नियम साधा होता, टेपच्या बदल्यात टेप, पैसे नाहीत. त्याच वर्तुळातून १९७४ मध्ये एक पत्रिका निघाली आणि कुणाकडे कुठल्या तारखेचे काय आहे, हे सगळ्यांना कळू लागले. ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डिंग्जना. कायदा नुकता जन्मत असताना चाहत्यांनी आपली शिस्त आधीच घालून घेतली होती. बँडचा विश्वास त्यांनी कमावला तो या शिस्तीवर. एरवी हे श्रेय बँडच्या उदारपणाला दिले जाते, पण मला त्यातला मोठा वाटा चाहत्यांचा वाटतो.

१९८० च्या सुमारास सोनीचे टीसी-डी५एम हे, दोन मोठ्या सेलवर चालणारे कॅसेट डेक आले आणि खांद्यावरच्या पिशवीत मावणाऱ्या मशीनवर उत्तम रेकॉर्डिंग शक्य झाले. ते काम बघणाऱ्याला वाटते तितके सोपे नव्हते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. उत्तरार्धात बँड दोन गाण्यांमध्ये थांबतच नसे, एकातून दुसऱ्यात शिरे. मग बाजू पालटायची कधी? अनुभवी टेपर, म्हणजे टेप करणारा चाहता, घड्याळावर एक डोळा ठेवून असे. वाद्ये जुळवताना मिळालेली उसंत तो साधे, नाहीतर ड्रमरची जुगलबंदी सुरू व्हायची वाट पाही. तेवढ्या काही सेकंदांत कॅसेट काढायची, उलटवायची, बटण दाबायचे आणि काटा हलतोय ना, हे अंधारात बघायचे. बाकीचे नाचत असताना हा माणूस स्टँडशेजारी जवळजवळ निश्चल, कारण टाळी वाजवली तर ती टेपवर सर्वांत मोठ्याने ऐकू येणार. चुकीच्या क्षणी झालेली एक पालट म्हणजे त्या रात्रीच्या सर्वांत चांगल्या जॅमच्या, म्हणजे उत्स्फूर्त वादनाच्या, मधोमध कायमचे भोक.

चांगला आवाज मिळायचा तो मिक्सरच्या पुढे, त्यामुळे सगळे टेपर तिथेच गर्दी करत. मायक्रोफोनच्या काठ्यांची एवढी रांग लागे की मिक्सरवर बसलेल्या तंत्रज्ञालाच मंच दिसेनासा होई, आणि काठ्यांमागे बसलेले इतर प्रेक्षकही वैतागत. यातून टेपरांसाठी मिक्सरच्या मागे राखीव जागा आणि टपालाने मागवायचे वेगळे तिकीट, अशी व्यवस्था झाली. २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये ती पहिल्यांदा अमलात आली. ही बँडची औपचारिक परवानगी. पण तिच्यामागचे तातडीचे कारण सभागृहातली अडचण हे होते, आणि टेपरांना आवाजाच्या दृष्टीने ती जागा एक पायरी खालचीच मिळाली. म्हणूनच १९८४ आधीच्या, मिक्सरपुढून केलेल्या काही टेप्सना आजही जास्त मान आहे.

पुढची दहा वर्षे कॅसेट्सची झाडे वाढली. मूळ टेप एकाकडे, तिच्या प्रती पाच जणांकडे, त्या प्रत्येकाकडून आणखी पाच जणांकडे. नवख्याने कोऱ्या कॅसेट्स आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, जुन्याने प्रत करून द्यायची. अॅनालॉग टेपला प्रत्येक पिढीगणिक खरखर चढते, त्यामुळे ‘तुझी प्रत कितवी?’ हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारला जाई.

साउंडबोर्डच्या टेप्स या झाडांत मिसळल्या त्या याच काळात. बँडच्या एका ध्वनितंत्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात केलेली रेकॉर्डिंग्ज दर्जाच्या दृष्टीने अव्वल होती. १९८६ मध्ये त्यांच्या गुदामाचे भाडे थकले, आतले सामान लिलावात गेले आणि त्यात शेकडो रिळे परक्या हातांत पडली. विकत घेणाऱ्यांपैकी काहींनी ती चाहत्यांपर्यंत पोहोचू दिली. प्रती देशभर पसरल्या. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला ८ मे १९७७ चा प्रसिद्ध कार्यक्रम घराघरांत गेला तो या रिळांमुळे. बँडची कुठलीही परवानगी या प्रवासाला नव्हती, आणि बँडने त्याला जाहीर अटकावही केला नाही. या मौनाचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला.

१९९३ पासून बँडने आपल्या तिजोरीतली निवडक साउंडबोर्ड रेकॉर्डिंग्ज मालिकेच्या रूपाने विकायला काढली. निवड करणारा माणूस स्वतः जुना टेप-संग्राहक होता. ऑगस्ट १९९५ मध्ये मुख्य गिटारवादकाचे निधन झाले. डेड हा बँड थांबला, दौऱ्यांतून येणारे उत्पन्न थांबले, आणि जुन्या रात्री हाच उरलेला ठेवा ठरला. २००५ समजून घ्यायला ही एक गोष्ट विसरून चालणार नाही.

दरम्यान टेपची जागा फाइलने घेतली. १९९८ पासून चाहत्यांच्या जाळ्यांतून, आवाजाचा कणही न गमावणाऱ्या फाइल्स फिरू लागल्या. कितवी प्रत हा प्रश्नच संपला, कारण दहावी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध. १९९९ मध्ये बँडने धोरण जाहीर केले : मैफलींत टेप केलेल्या संगीताची डिजिटल देवाणघेवाण चालेल, पण त्यावर जाहिरातीतून, वापरणाऱ्यांच्या माहितीतून किंवा इतर कुठल्याही मार्गाने कमाई करायची नाही. टेप कुणी केली, मायक्रोफोनमधून की मिक्सरमधून, हा भेद त्यात नव्हता. २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्याच चाहत्यांच्या साथीने लाइव्ह संगीताचा विभाग उघडला. पुढच्या काळात डेडची हजारो रेकॉर्डिंग्ज तिथे जमली, सभागृहातली आणि मिक्सरमधली शेजारी शेजारी, सगळी फुकट.

२००५ च्या मे महिन्यात बँडने स्वतःच डाउनलोडच्या रूपात कार्यक्रम विकायला सुरुवात केली. विकायचा माल आणि फुकट मिळणारा माल एकाच जातीचा. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, आर्काइव्हवरच्या डेडच्या फाइल्स डाउनलोडसाठी बंद झाल्या. बँडच्या सांगण्यावरून झाले, एवढेच चाहत्यांना कळले. साउंडबोर्डच नव्हे, त्यांनी स्वतःच्या मायक्रोफोनने, स्वतःच्या खर्चाने केलेली आणि स्वतः चढवलेली रेकॉर्डिंग्जही गेली होती.

संताप उसळला तो या दुसऱ्या भागामुळे. हजारो सह्यांचे निवेदन निघाले. बँडच्या वस्तू, तबकड्या, तिकिटे काहीही विकत घ्यायचे नाही, असा बहिष्कार पुकारला गेला. बँडच्या आतही एकवाक्यता नव्हती. बास वाजवणाऱ्या सदस्याने आपल्याला हा निर्णय आधी माहीतच नव्हता, असे जाहीर केले. बँडसाठी गीते लिहिणारा आणि इंटरनेटवरच्या स्वातंत्र्यासाठी नावाजलेला गीतकार उघडपणे विरोधात गेला. टेप्सच्या या मुक्त फिरण्यानेच बँडला श्रोते मिळवून दिले, हे तो वर्षानुवर्षे सांगत आला होता.

आठवडाभरात माघार झाली. सभागृहातली रेकॉर्डिंग्ज पुन्हा डाउनलोडसाठी खुली, साउंडबोर्ड मात्र फक्त ऐकण्यासाठी. आज दिसणारा फरक तो हाच. हक्कांचा विचार केला तर ही रेघ योग्य जागी पडली आहे, असे माझे मत आहे. मिक्सरमधला आवाज बँडचा, तो विकायचा अधिकारही बँडचा. पण ही रेघ १९८४ मध्ये, निदान १९९९ च्या धोरणात स्पष्ट शब्दांत ओढता आली असती. ती न ओढता वीस वर्षे सवय लागू दिली आणि मग एका रात्रीत सगळेच बंद केले, याला चाहत्यांची चूक म्हणता येणार नाही. शिवाय त्या साउंडबोर्ड टेप्स जपल्या कुणी? लिलावातल्या रिळांच्या प्रती काढणारे, वेग दुरुस्त करणारे, तुटलेली जागा सभागृहातल्या टेपने सांधणारे हात चाहत्यांचेच होते, आणि त्यांनी त्याचा एक पैसाही घेतला नव्हता.

कॉर्नेलचे उदाहरण यात बोलके आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ८ मे १९७७ च्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय यादीत समाविष्ट केले. तेव्हा बँडने ते एकदाही प्रकाशित केले नव्हते आणि मूळ रिळेही बँडच्या तिजोरीत नव्हती. देशाने वारसा म्हणून नोंदवले ते पस्तीस वर्षे चाहत्यांनी एकमेकांना दिलेले संगीत. लिलावात गेलेली रिळे पुढे परत मिळाली आणि २०१७ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो कार्यक्रम अधिकृतपणे विक्रीला आला. ज्यांच्याकडे त्याच्या प्रती वर्षानुवर्षे होत्या, त्यांनीही तो विकत घेतला.

नंतरच्या जॅम बँडांनी हा घोळ टाळला. फिश या बँडने सभागृहातल्या टेपरांसाठी तिकिटे ठेवली आणि २००२ च्या अखेरीपासून स्वतःच्या मिक्सरमधली रेकॉर्डिंग्ज कार्यक्रमानंतर लगेच विकायला काढली. मायक्रोफोन तुमचा, मिक्सर आमचा, हे तेव्हापासून स्पष्ट.

डेडच्या चाहत्यांपुढे आता वेगळीच घाई आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अनेक टेपर कॅसेट सोडून डॅट या डिजिटल टेपकडे वळले होते. सोनीने डॅट यंत्रे बनवणे थांबवले तेही २००५ मध्येच. चालू स्थितीतली यंत्रे थोड्यांकडे उरली आहेत आणि टेप्सवर आवाज अधूनमधून तुटू लागला आहे. टेपर मंडळीही वयस्क झाली. म्हणून मूळ टेप्स संगणकात उतरवण्याचे काम सध्या जोरात चालले आहे. प्रत्येक फाइलसोबत एक छोटी मजकूर-नोंद जाते : कुठले मायक्रोफोन, कितव्या रांगेत, कुठले डेक, मूळ टेप की प्रत, कुणी आणि कशावरून उतरवली. मिक्सरपुढे बसून केलेल्या, इतकी वर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेट्स अजूनही निघत आहेत. त्या आर्काइव्हवर चढतात आणि २००५ च्या त्याच तडजोडीनुसार कुणालाही डाउनलोड करता येतात.