ताई ची : योगाभ्यासाला पूरक सराव

ताई ची हा चिनी युद्धकलेतून घडलेला संथ, सलग हालचालींचा व्यायामप्रकार असून, नियमित आसने व प्राणायाम करणाऱ्यांना तो विशेषतः चालतानाचा तोल सुधारण्यासाठी पूरक ठरतो. हनान प्रांतातील छन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात त्याची जडणघडण झाली, असे सामान्यतः मानले जाते. यांग लूछान (१७९९–१८७२) यांच्यापासून सुरू झालेली यांग शैली आज सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्याच आधारे १९५६ मध्ये चीनमध्ये तयार झालेला २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम नवशिक्यांना बहुधा शिकवला जातो. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत योगाचा समावेश २०१६ मध्ये, तर ताई चीचा २०२० मध्ये झाला.

वृक्षासनात एका पायावर तोल धरून ठेवायचा असतो. ताई चीत तो एका पायावरून दुसऱ्यावर सतत नेत राहायचा असतो. गुडघे किंचित वाकवून पाऊल पुढे टाकताना आधी टाच अलगद टेकते, मग तळवा, आणि त्यानंतरच अंगाचा भार हळूहळू त्या पायावर येतो. भार पेलणाऱ्या पायाला ‘भरलेला’ आणि मोकळ्या पायाला ‘रिकामा’ म्हणतात. घराचा ओटा उतरताना किंवा शेताच्या बांधावरून चालताना पाय घसरतो, तो बहुधा याच अदलाबदलीत. नियमित सरावाने वृद्धांचे पडणे कमी होते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. श्वास मात्र सहज चालू ठेवतात; प्राणायामातील कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, येथे आणू नये.

खानदेशात निंदणी-वेचणीत आयुष्य गेलेल्या अनेकांना उतारवयात मांडी घालून बसणे जड जाते, त्यामुळे केवळ आसनांवर भर देणाऱ्या वर्गात ते मागेच राहतात. संपूर्णपणे उभ्याने होणारा हा सराव त्यांना सोयीचा आहे, आणि त्यासाठी सतरंजीही लागत नाही. पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या वैशाखात मात्र गच्चीची फरशी रात्रभर धग सोडत असल्याने जळगाव-भुसावळकडे अंगणातील पहाटेची वेळच बरी. आधी सांधे मोकळे करणारी आसने, मग ताई ची आणि शेवटी शवासन, असा क्रम सोयीचा पडतो. वळताना गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच ठेवावा. पाऊल जागच्या जागी रोवून नुसता गुडघा फिरवल्यास तो दुखावतो, आणि नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा हीच असते.