व्यायामानंतरचा अर्धा तास
ऑटिस्टिक सभासदांसाठी आमच्या व्यायामशाळेचे माहितीपत्रक

व्यायाम झेपतो, त्यानंतरचं काही झेपत नाही, असं आमचे काही सभासद सांगतात. वजनं उचलून होतात, ट्रेडमिल होते, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी डिओ फवारतं, कुणी लॉकर आपटतं. झालं! बोलणंच बंद होतं, किंवा रडू फुटतं, किंवा "काय, आज लवकर?" एवढं विचारणाऱ्यावरही खेकसावंसं वाटतं. हे पत्रक अशा प्रौढ सभासदांसाठी आहे. निदानाचा कागद आम्ही कुणाकडे मागत नाही.

असं का होतं?

आवाज, उजेड, वास, स्पर्श हे अनेक ऑटिस्टिक माणसांना फार तीव्र जाणवतात, काहींना उलट फारच कमी. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांतही याचा समावेश आहे. त्यात व्यायामाने शरीर आतूनच गजबजतं. छाती धडधडते, अंग तापतं, घामाने बनियन पाठीला चिकटतं. सेट संपला तरी हे सगळं लगेच खाली येत नाही. भीती वाटली तरी छाती अशीच धडधडते, त्यामुळे काही घडलेलं नसताना घाबरल्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला इथे रोज दिसते. व्यायाम चालू असताना मोजणी असते, ठरलेला क्रम असतो, हातात जड वजन असतं. बऱ्याच जणांना त्या वजनाचा दाबच शांत करतो. शेवटचा सेट संपला की हा आधार एका क्षणात जातो आणि समोर उरतात माणसं, गप्पा आणि ट्यूबलाइट. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : वजन वाढवण्याआधी शेवट नीट बसवा. "अजून एक सेट" राहिला तर राहू द्या.

शेवट कसा बसवायचा?

शेवटची पाच-दहा मिनिटं वेग कमी करत सावकाश चाला. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि गरगरतं, आणि गरगरणं ही आणखी एक नकोशी संवेदना. इअरप्लग किंवा हेडफोन हे चालणं सुरू करतानाच लावा. डोकं भणभणायला लागल्यावर उशीर झालेला असतो. तहान कळेल तेव्हा पाणी पिऊ, असं ठेवू नका. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना तहान-भूक उशिरा कळते, तेव्हा पाणी घड्याळ बघून प्या. खायला रोजचंच, ओळखीच्या चवीचं काहीतरी पिशवीत असू द्या : केळं, राजगिऱ्याची वडी. प्रोटीन शेकचा वास सहन होत नसेल तर तो घ्यायलाच हवा असं काही नाही.

कपड्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच. सुती टी-शर्ट घाम शोषतो आणि ओला राहतो. सिंथेटिक लवकर वाळतो, पण त्याचा स्पर्श काहींना अजिबात चालत नाही. अशांनी सुतीच घालावा आणि दोन आणावेत. मानेजवळचं लेबल घरीच उसवून टाका. शॉवरची धार सुयांसारखी टोचते म्हणून कित्येक जण आंघोळच टाळतात. आतल्या बाथरूममध्ये बादली आणि तांब्या ठेवला आहे. तेही नको असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने अंग पुसलं तरी पुरतं.

मग घर. संध्याकाळी सातला नळ स्टॉपच्या सिग्नलला, हेल्मेटमध्ये डोकं घामेजलेलं आणि मागून हॉर्न, हे कुणालाच सोसत नाही. डोकं जड असताना गाडी काढू नका, बसा. मेट्रोने जाता येत असेल तर निदान हॉर्न तरी टळतात. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. ज्यांची वाट तिकडून जाते त्यांनी तेवढे दिवस सकाळची वेळ मागून घ्यावी, आम्ही देतो. काहींना जिमपेक्षा वेताळ टेकडी किंवा तळजाई बरी पडते; आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त रविवारची सकाळ टाळा.

तरीही झालंच तर

आतली छोटी खोली वापरा. तिथे आरसा नाही, दिवा मंद आहे, अंगावर घ्यायला जड गोधडी आहे. दारावर पाटी आहे : "आत कोणी असल्यास दार वाजवू नये. वाट पाहावी." श्वास मोजल्याने काहींना बरं वाटतं, काहींचं लक्ष उलट धडधडीकडे जातं, तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर श्वासाचा नाद सोडा आणि हात भिंतीला जोराने रेटा. सोबत आलेल्या आई-बाबांनी किंवा जोडीदाराने पाठ थोपटू नये, "काय झालं?" असं सारखं विचारू नये. हा हट्ट किंवा नाटक नव्हे.

मात्र सगळंच संवेदनांच्या खात्यावर टाकू नका. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, उन्हात व्यायाम केल्यावर गोंधळल्यासारखं होणं, यांत खोलीत बसून राहायचं नसतं. आम्ही १०८ ला फोन करतो. काही औषधांनी नाडीचा वेग किंवा घाम बदलतो. गोळ्या चालू असतील तर व्यायामाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

दुपारी दोन ते चार संगीत बंद असतं. त्या वेळी पुणं झोपतं अशी ख्याती आहेच, तिचा आम्ही फायदा उठवला. खोलीचे किंवा या वेळेचे वेगळे पैसे नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे यात आमची मेहेरबानी काही नाही.

सभासद-अर्जाच्या मागे चार ओळी कोऱ्या आहेत. काय चालत नाही ते तिथे लिहा, किंवा काउंटरवरच्या ताईंना व्हॉट्सअ‍ॅप करा. उत्तरही लिहूनच येईल, उलट फोन येणार नाही.