पूर्व आशियाच्या इतिहासावरच्या जर्नलला लेख पाठवायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

चीन, जपान किंवा कोरियाच्या इतिहासावर लेख तयार आहे, पण कुठे आणि कसा पाठवायचा कळत नाही, अशांसाठी ही माहिती. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून निघणारं 'ईस्ट एशियन हिस्टरी' (१९७० पासून 'पेपर्स ऑन फार ईस्टर्न हिस्टरी', १९९१ पासून आत्ताचं नाव) किंवा १९३६ पासूनचं 'हार्वर्ड जर्नल ऑफ एशियाटिक स्टडीज' ही या विषयातली नावाजलेली जर्नल्स. प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे 'लेखकांसाठी सूचना' हे पान आधी वाचा.

पात्रता म्हणाल तर, पीएच.डी. झालेलीच हवी किंवा अमुक देशाचंच नागरिकत्व हवं, अशी अट सहसा नसते. लेख आधी कुठे छापलेला नसावा आणि त्याच वेळी दुसरीकडे पाठवलेला नसावा. प्रबंधातलं प्रकरण असेल तर तसं संपादकांना कळवा. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) असेल तर तेही सांगा. खरी अट मात्र न लिहिलेली असते: मूळ भाषेतली साधनं. केवळ इंग्रजी भाषांतरांवर उभा असलेला लेख टिकणं कठीण. मुंबई आणि चीनमधल्या कँटन (आजचं ग्वांगझौ) यांच्यातल्या अफू-कापूस व्यापारावर लिहिणाऱ्यांना थोडी सवलत आहे म्हणा, कारण त्यांची बरीच साधनं आपल्याच मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत.

लागणारी कागदपत्रं फार नाहीत. नाव नसलेली लेखाची फाइल, नाव-पत्ता-संस्थेचं वेगळं पान, गोषवारा, संपादकांना छोटं पत्र. चित्रं-नकाशे असतील तर ज्या संग्रहालयाचे आहेत त्याची लेखी परवानगी. ती यायला महिने लागतात, म्हणून आधी मागा. ओआरसीआयडी हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, काढून ठेवा.

नाव काढायचं म्हणजे पहिल्या पानावरून खोडलं की झालं, असं नाही. लेख तपासणाऱ्या परीक्षकाला लेखक आणि लेखकाला परीक्षक कळू नये, अशी पद्धत असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं नाव राहतं, तळटीपेत 'माझ्या आधीच्या लेखात' राहतं, आणि फाइलचं नावच 'कुलकर्णी_फायनल_३' असतं!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रोमन लिपीतलं लिप्यंतर आणि तारखांत. चिनीसाठी पिनयिन, जपानीसाठी हेपबर्न, कोरियनसाठी बहुधा मॅक्यून-राइशाउअर. एकच पद्धत शेवटपर्यंत. आडनाव आधी. तारखांचं आपल्याला नवल वाटू नये, शके आणि इसवी सनाची सांगड आपण घालतोच. तरी फसगत होते: चीनच्या ग्वांगशू सम्राटाच्या राजवटीचं विसावं वर्ष म्हणजे १८९४, पण त्याच वर्षाचा बारावा महिना संपतो १८९५च्या जानेवारीत. जपानमध्ये तर मेइजी ५ चा (मेइजी सम्राटाच्या काळातल्या पाचव्या वर्षाचा) बारावा महिना दोनच दिवसांचा; तिसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडली.

लेख पाठवल्यावर आधी संपादक चाळतात. तिथेच परत आला तर लवकर कळतं, परीक्षकांकडे गेला तर काही महिने धीर धरा. 'दुरुस्त करून पाठवा' हा नकार नव्हे. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तराचं पत्र जोडायचं, पटला नाही तर का ते लिहायचं.

आणि लेख वाचायच्या आतच 'शुल्क भरा, आठवड्यात छापतो' म्हणणारी मेल आली तर सरळ डिलीट करा.