न्हाणीघरातील बुरशी

न्हाणीघराच्या भिंती, छत, टाइल्सचे सांधे आणि दाराची चौकट यांवर सततच्या ओलीमुळे वाढणाऱ्या सूक्ष्म कवकांच्या थराला बुरशी म्हणतात. भाकरीवर किंवा लोणच्यावर येतो तो ‘बुरा’ आणि ही बुरशी एकाच कुळातली. ‘बुरसटलेले विचार’ म्हणतो तेही याच घरातले, फक्त त्यांच्यावर ब्लीच चालत नाही.

सुरुवात बहुधा छताच्या कोपऱ्यात होते. गरम पाण्याची वाफ वर जाते, कोपऱ्यात हवा फिरत नाही आणि तिथला रंग सर्वांत उशिरा सुकतो. आधी मोहरीएवढे करडे ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळून पंजाएवढा काळपट डाग होतो. दुसरी ठरलेली जागा म्हणजे बेसिनच्या कडेची सिलिकॉनची पट्टी. काळी रेघ एकदा तिच्या आत शिरली की पुसून निघत नाही. गुळगुळीत टाइल बुरशीला खायला काही देत नाही; तिच्यावर साचलेली साबणाची साय, केसांचे तेल आणि त्वचेचे कण हे बुरशीचे अन्न. बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना अडवता येत नाही. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि ऑरिओबेसिडियम या तिथल्या नेहमीच्या प्रजाती. स्टॅकीबॉट्रिस या बदनाम काळ्या बुरशीला मात्र कागद किंवा लाकडातले सेल्युलोज आणि सततचा ओलावा लागतो. म्हणून कागद चढवलेल्या जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगवर ती येऊ शकते, नुसत्या सिमेंटच्या गिलाव्यावर सहसा नाही.

भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की बुरशी धरते. भिंत भिजते किती यापेक्षा ती किती तास ओली राहते, हे महत्त्वाचे. मुंबई-रत्नागिरीकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा या मर्यादेच्या आसपास असते, त्यामुळे तिथे ‘खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला अर्धाच उपयोगी. हवा खेळवावी लागते, पंख्याने. देशावर हिशेब वेगळा: सोलापुरात मे महिन्यात भिंतीवर बुरशी दिसली, तर संशय हवेवर नाही, नळावर घ्यावा.

जुन्या घरातली न्हाणी परसदारी असे. खाली दगडी फरशी, बाजूला चुलीवर तपेले किंवा तांब्याचा बंब, वर कौले. फरशी बुळबुळीत राही, पण वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई आणि धगीने भिंत सुके. फ्लॅटमधल्या बाथरूमला चारही बाजूंनी भिंती, वर फॉल्स सीलिंग आणि एक लूव्हर्सची खिडकी, तीही बऱ्याचदा सगळ्या मजल्यांचे पाइप उतरणाऱ्या डक्टमध्ये उघडणारी. शिवाय घरातले चौघे लागोपाठ आंघोळ करतात. पहिल्याची वाफ जायच्या आत दुसऱ्याची तयार.

प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. गिलाव्यावर फुलून आलेली पांढरी भुकटी हा लोणा. तो क्षारांचा असतो आणि पाण्यात विरघळतो. बादलीच्या तळाशी किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी निघून जायच्या तोंडाच्या, जाळीभोवती दिसणारा गुलाबी थर बहुतेक वेळा सेराशिया या जीवाणूचा. उजेड मिळणाऱ्या ओल्या जागी येते ते हिरवे शेवाळ. आणि २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत वर्तमानपत्रांनी ज्याला ‘काळी बुरशी’ म्हटले, तो म्युकरमायकोसिस हा निराळा आजार. त्यातला काळेपणा मृत ऊतींचा असतो. भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याची सांगड घालून तेव्हा बरीच घरे उगाच घाबरली. तरी भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी तिचा संबंध नोंदवला आहे.

साफ करण्यापूर्वी ओल कुठून येते ते पाहावे, नाहीतर महिन्याभरात तोच डाग तिथेच. कोरड्या पुसलेल्या भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवतात. फॉइलच्या बाहेरून पाणी धरले तर वाफेचा दोष, आतून धरले तर भिंतीत झिरप आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते सुमारे १० चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी घरच्या घरी काढता येते.

हातमोजे, मास्क, उघडे दार. डाग कोरडा खरवडू नये, बीजाणू घरभर उडतात. आधी तो ओला करून साबणाच्या पाण्याने घासावा. टाइल्स आणि सांध्यांवर मग ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला दहा भाग पाणी घालून लावतात, दहा-पंधरा मिनिटे ठेवतात, धुतात आणि पुसून कोरडे करतात. सच्छिद्र गिलाव्यावर मात्र ब्लीच फसवते: रंग उडतो, आत शिरलेले कवकजाल उरते. पोपडे सुटले असतील तर तेवढा गिलावा काढणेच बरे.

आपल्याकडची खरी चूक ॲसिडची. टॉयलेट क्लीनर आणि सुटे मिळणारे ॲसिड यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. टाइल्स चकाचक होतात, पण सांध्यातले सिमेंट खाल्ले जाते, सांधा भुसभुशीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला आयते घर मिळते. शहाबादी आणि कडप्पा या चुनखडीच्या फरश्या, त्यांनाही ते कोरते. व्हिनेगरही त्यांवर नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

प्रतिबंधात सर्वांत स्वस्त वस्तू वायपर. आंघोळीनंतर भिंतीवरून दोनदा फिरवला की बरेचसे पाणी ट्रॅपमध्ये जाते. एक्झॉस्ट फॅन नंतर वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा. दाराखाली फट नसेल तर तो नुसताच घुरघुरतो, कारण आत हवा यायला वाट नाही. खराब सांधे कोरून एपॉक्सी ग्राउट भरले तर पाणी मुरत नाही. जुना उपाय चुन्याचा. ताजी सफेदी तीव्र अल्कधर्मी असते, तिच्यावर बुरशी धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि तो गुण ओसरतो. पावसाळा सरला की दरवर्षी नवा हात देण्यात म्हणूनच अर्थ होता. डागावरच ऑइलपेंट मारणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय, आणि सर्वांत निकामी.

इमारतींत छतावरच्या बुरशीचे मूळ पुष्कळदा वरच्या मजल्यावर असते. बाथरूमच्या खालच्या सनकन, म्हणजे मुद्दाम खोलगट ठेवलेल्या, स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरलेले असतात. वरचे वॉटरप्रूफिंग फुटले की ते पाणी धरून ठेवतात आणि संथपणे खाली सोडतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्याने करायचा असतो. वरच्या सदस्याला हे पटवणे हे वेगळे काम. गळती थांबल्यावरही स्लॅब सुकायला काही आठवडे जातात. तोवर रंगाऱ्याला बोलावू नये.