दोन लिटरची जीटी आणि चार लिटरची फेरारी : लान्चा आउरेलियाच्या मागची गोष्ट

जुन्या इटालियन गाड्यांचा विषय निघाला की गप्पा पाच मिनिटांत फेरारीवर जातात आणि तिथेच अडकतात, लाल रंग, बारा सिलिंडर, आवाज वगैरे. माझं मत थोडं वेगळं आहे. "लांब पल्ल्याला आरामात जाणारी आणि गरज पडली तर शर्यतीतही पळणारी गाडी", म्हणजे ज्याला आपण आज जीटी म्हणतो, त्याचं खरं डोकेफोडीचं काम तुरीनच्या लान्चा कंपनीत झालं. (आपल्याकडे सगळे लान्सिया म्हणतात, इटलीत लान्चा.)

सुरुवात व्हिन्चेन्झो लान्चापासून. हा माणूस आधी फियाटचा टेस्ट ड्रायव्हर आणि रेसर, १९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिनबरोबर स्वतःची कंपनी काढली. रेसरने कंपनी काढली म्हणजे रेसिंग गाड्या बनवल्या असतील असं वाटतं, पण नाही, त्याने कंपनीला शर्यतींपासून जवळपास लांबच ठेवलं आणि सगळा जीव गाडीच्या सांगाड्यावर लावला. १९२२ मध्ये लॅम्ब्डा दाखवली. तोवर गाडी म्हणजे खाली शिडीसारखी जाड चॅसी आणि वर ठेवलेली बॉडी, बैलगाडीच्या साट्यासारखंच. लॅम्ब्डात ती शिडीच गायब. जहाजाचा सांगाडा जसा स्वतःच भार घेतो तसं पत्र्याच्या बॉडीनेच सगळा भार घ्यायचा, त्यामुळे गाडी हलकी झाली, बुटकी झाली आणि वळणावर पिळवटेना. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, चारही चाकांना ब्रेक, आणि इंजिन व्ही४, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत चार सिलिंडर, पण त्या रांगांमधला कोन फक्त १३ अंशांच्या आसपास, म्हणजे इतका चिंचोळा की दोन्ही रांगांवर मिळून एकच हेड (सिलिंडरवरचं झाकण) पुरलं. हे १९२२ साली! बाकीचे बरेच जण तेव्हा पुढच्या चाकांना ब्रेक द्यावेत की नाही यावरच वाद घालत होते.

फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हिन्चेन्झो गेला. त्याची शेवटची गाडी आप्रिलिया, तीही कमाल, चारही चाकं स्वतंत्र आणि मधला खांब नसलेली बॉडी. पुढे सूत्रं त्याची बायको आणि मुलगा जान्नी यांच्याकडे आली, आणि त्याच सुमारास कंपनीत आला व्हित्तोरिओ यानो. अल्फा रोमिओच्या पी२, पी३, ८सी या गाड्या ज्याच्या टेबलावरून निघाल्या तोच यानो.

आता मुख्य मुद्दा, व्ही६.

युद्धाच्या काळात फ्रान्चेस्को दे विर्जिलिओ नावाचा इंजिनिअर एकाच गणितामागे लागला होता. व्ही६ म्हणजे खरं तर तीन-तीन सिलिंडरची दोन इंजिनं एका क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाची खोड अशी की ते होडीसारखं पुढे-मागे डुलतं. दोन रांगा कुठल्या कोनात ठेवल्या तर ही डुलकी कमी होईल आणि ठोकेही सारख्या अंतराने पडतील, हा प्रश्न. दे विर्जिलिओने उत्तर काढलं ६० अंश, आणि प्रत्येक पिस्टनला क्रँकवर स्वतःची वेगळी पिन. आज रस्त्यावरच्या कितीतरी व्ही६ मध्ये हाच ६० चा कोन आहे, पण हे गणित मांडणाऱ्याचं नाव गाडीवेड्यांनाही सहसा माहीत नसतं.

हे इंजिन १९५० च्या आउरेलियात आलं (नाव एका रोमन हमरस्त्याचं), व्ही६ बसवून बाजारात नियमित विकलेली पहिली गाडी. १७५४ सीसी, ५६ हॉर्सपॉवर, आकडे वाचून कोणी खुर्चीवरून पडणार नाही. पण खरी गंमत मागे होती. क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल असा सगळा ऐवज एकत्र करून मागच्या ॲक्सलपाशी नेला, मागचे ब्रेकही चाकात न ठेवता तिथेच आत. दोन फायदे झाले, पुढचं-मागचं वजन जवळपास सारखं वाटलं गेलं आणि चाकांवर लटकलेला बोजा कमी झाला त्यामुळे खराब रस्त्यावर टायर जमीन सोडेना. ट्रान्सॲक्सल म्हणतात ते हेच.

१९५१ मध्ये याच सामानावर आखूड, उतरत्या छपराची बी२० जीटी आली, १९९१ सीसी आणि ७५ हॉर्सपॉवर. बाजारात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते, तोच जोव्हान्नी ब्राक्कोने ती मिल्ले मिलियात उतरवली. ब्रेशा ते रोम आणि परत, जवळपास १६०० किलोमीटर सार्वजनिक रस्त्यांवर. पहिला आला व्हिल्लोरेसी, ४.१ लिटरच्या फेरारीत. दुसरा ब्राक्को, निम्म्याहून लहान इंजिन घेऊन, आणि तेही फक्त २० एक मिनिटं मागे! पुढच्या वर्षी सिसिलीच्या तार्गा फ्लोरिओत फेलिचे बोनेत्तो आउरेलियातच जिंकला, मग १९५४ ची माँटे कार्लो रॅली लुई शिराँने. आणि गिअर कुठे, तर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आपल्या कुर्ल्याच्या पद्मिनीसारखा. ज्यांनी पद्मिनी चालवलीय त्यांनी जरा कल्पना करा, त्या दांड्याने आल्प्सचे घाट आणि वर शर्यत.

सगळं गोड नव्हतं हेही सांगायला हवं. ताकद वाढत गेली, इंजिन २४५१ सीसीचं झालं, आणि मागचं स्वतंत्र सस्पेन्शन जोरात वळताना दगा द्यायला लागलं, शेपूट अचानक सुटायचं. १९५४ मध्ये ते काढून दे दिओन ॲक्सल लावला, म्हणजे दोन्ही चाकं एका नळीने जोडलेली पण डिफरेन्शियलचं वजन बॉडीवरच. कागदावर ही माघार वाटते, चालवणाऱ्याला सुधारणा.

जान्नीला मात्र यावर थांबवेना. बापाने टाळलेलं रेसिंग त्याने पूर्ण ताकदीने केलं. १९५३ ला मेक्सिकोत कारेरा पानामेरिकानात लान्चाच्या गाड्या पहिल्या तीन आल्या, पण त्याच शर्यतीत बोनेत्तो गेला. मग फॉर्म्युला वनसाठी यानोची डी५०, तिच्यात इंजिनच सांगाड्याचा भाग, पेट्रोलच्या टाक्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मधे म्हणजे टाकी रिकामी होत गेली तरी तोल बदलत नाही. लॅम्ब्डाचाच विचार, फक्त ३२ वर्षांनी. पैसा मात्र पाण्यासारखा गेला. मे १९५५ मध्ये मोनॅकोला लान्चाचा ड्रायव्हर आस्कारी डी५० सकट समुद्रात पडला, त्यातून वाचला आणि चारच दिवसांनी मोंझाला फेरारीची स्पोर्ट्स गाडी चालवताना गेला. दोन महिन्यांत लान्चाने अख्खी टीम, गाड्यांसकट, फेरारीला देऊन टाकली. १९५६ चं विश्वविजेतेपद फँजिओने त्याच गाड्यांवर मिळवलं, नाव फेरारीचं. लान्चा कुटुंबाच्या हातून कंपनीही गेली, पुढे १९६९ मध्ये ती फियाटने घेतली.

गाड्यांबरोबर यानोही फेरारीकडे गेला आणि तिथे त्याने एन्झो फेरारीच्या मुलाच्या नावाच्या डिनो व्ही६ वर काम केलं, या वेळी कोन ६५ अंश. १९५८ ला फेरारीचा ड्रायव्हर हॉथॉर्न विश्वविजेता झाला तो याच डिनो व्ही६ वर. आणि १९७० च्या दशकात लान्चाला रॅलीसाठी स्ट्रॅटोस बनवायची होती तेव्हा त्यांनी इंजिन मागितलं फेरारीकडे, मिळालं डिनो कुळातलंच २.४ लिटरचं व्ही६, आणि १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन जागतिक रॅली विजेतेपदं लान्चाने त्यावर घेतली.