कौतुक केलं की माणूस खरंच शेफारतो?

"टीमसमोर कौतुक केलं की माणूस पुढच्याच कामात ढिला पडतो, झापलं की सुधारतो." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अनुभवही बऱ्याचदा तसाच येतो, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण आपण कौतुक करतो कधी? काम नेहमीपेक्षा फारच चांगलं झालं तेव्हा. अशा कामात कौशल्याबरोबर थोडी जुळून आलेली परिस्थितीही असते. ती दरवेळी जुळत नाही, म्हणून पुढचं काम त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीकडे सरकतं. फारच बिघडलेल्या कामानंतर याच्या उलट होतं आणि श्रेय झापण्याला मिळतं.

पडताळायचंय? दोन फासे टाका. बेरीज 10 किंवा जास्त आली की शाबासकी द्या (मोठ्यानं दिलीत तरी चालेल) आणि पुन्हा टाका. सरासरी 6 पैकी 5 वेळा बेरीज 10 च्या खाली येईल. 4 किंवा कमी आल्यावर रागवा, फासे तितक्याच वेळा 'सुधारतील'.

यावरून कौतुकानं काम सुधारतंच, असं सिद्ध होत नाही. नंतरची घसरण कौतुकाच्या माथी मारता येत नाही, एवढंच.

आणि करायचंच तर नेमकं करा. "सगळ्यांनी छान काम केलं" हे कानावरून जातं. "घाईतही तिनं आधी बॅकअप तपासला, म्हणून डेटा वाचला" हे लक्षात राहतं. काहींना मात्र चारचौघांत नाव घेतलेलं अवघडवाणं वाटतं. त्यांना आधी विचारून घ्या.