धूर घराबाहेर गेला, काजळी मागे राहिली

लाकूड जाळणाऱ्या बंद स्टोव्हची निगा कशी राखायची, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत चार ओळींत सांगितलेलं असतं. वर्षातून एकदा तरी धुराडं झाडून घ्या, लाकूड वाळलेलंच घाला, राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढा, दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी तपासा. या चार ओळी जमायला मात्र काही शतकं गेली. त्यात स्टोव्ह जसा सुधारत गेला, तशी त्याची साफसफाई सोपी व्हायच्या ऐवजी अधिक जोखमीची होत गेली.

उघड्या विस्तवाच्या घरात धूर आढ्यापर्यंत कोंदायचा, डोळे चुरचुरायचे, वासे काळे पडायचे. पण ती काजळी निदान डोळ्यांसमोर असायची. युरोपात मध्ययुगात धुराडी आली, तेव्हा धूर बाहेर गेला आणि काजळी नजर पोचणार नाही अशा जागी जाऊन बसली. साध्या घरांची सुरुवातीची कित्येक धुराडी तर लाकडाचीच असत, आतून मातीनं लिंपलेली. लिंपण तडकलं की ठिणगीला रान मोकळं. १६३१ साली बोस्टनमध्ये आग लागली, तेव्हा लाकडी धुराडी आणि गवती छपरं यांच्यावर बंदी घालण्यात आली. १६४८ मध्ये न्यू ॲमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा, कारभारी पीटर स्टायव्हसंट यानं धुराडी तपासायला माणसं नेमली. धुराडं घाण सापडलं की दंड, आणि दंडाच्या पैशांतून आग विझवायच्या शिड्या आणि बादल्या.

बेंजामिन फ्रँकलिनचं नाव त्याच्या लोखंडी शेगडीमुळे घेतलं जातं. माझ्या मते त्याहून मोलाचं आहे ते त्यानं १७३५ साली आपल्याच वर्तमानपत्रात छापलेलं पत्र. जळते निखारे फावड्यावरून उघडे नेऊ नका, न्यायचेच तर झाकणाच्या भांड्यातून न्या, असं त्यात आहे. राखेच्या डब्याला झाकण हवं, हा आजचा नियम त्याच जातीचा. धुराडं झाडणाऱ्याला परवाना असावा आणि झाडल्यावर पंधरा दिवसांत ते पेटलं तर दंड त्यानंच भरावा, हीही सूचना त्याचीच. शेगडीबद्दल म्हणाल तर ती पहिल्या रूपात धूर वर धड ओढतच नव्हती. धूर आधी खाली वळवून मग वर न्यायचा, हा तिचा खटाटोप धुराला मानवला नाही.

झाडण्याच्या कामाची एक काळी बाजू ब्रिटनमध्ये घडली. तिथे मुख्यतः कोळशाची काजळी, धुराडी अरुंद, आणि आत चढायला लहान मुलं. पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदानं १७७५ मध्ये या कामगारांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचं मूळ काजळीत असल्याचं मांडलं. लांब काठ्या जोडायचा ब्रश १८०३ च्या सुमाराला निघाला होता, तरी मुलं आत चढतच राहिली. परवान्याची सक्ती करून ही प्रथा खऱ्या अर्थानं मोडली ती १८७५ च्या कायद्यानं.

याच काळात स्वीडननं वेगळी वाट धरली होती. सरपणाची टंचाई होती म्हणून १७६७ मध्ये क्रॉनस्टेट आणि व्रेडे यांनी विटांची मोठी शेगडी आखली. थोडं लाकूड भडकून जाळायचं, गरम धूर विटांच्या आतल्या वळणांतून फिरवायचा आणि ऊब विटांत साठवायची. आग कडक असल्यानं काजळी कमी. हा शहाणपणा जगभर पसरला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं.

१९७३ च्या तेलटंचाईनं अमेरिकेत लोक पुन्हा लाकडाकडे वळले. बाजारात घट्ट दाराचे लोखंडी स्टोव्ह आले. रात्री भरायचे, हवेची झडप जवळजवळ बंद करायची. लाकूड सकाळपर्यंत धुमसत राहतं. पण हवा कमी पडली की लाकडातून निघणारे वायू न जळताच वर जातात. थंड धुराड्यात, साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली, ते वाफेसोबत भिंतींवर थिजतात. हेच क्रिओसोट. सुरुवातीला भुकटी असते, ब्रशनं झडते. मग पापुद्रे धरतात. शेवटी काळा, चकचकीत, डांबरासारखा थर बसतो, त्यावरून ब्रश नुसता घसरतो. तो पेटला की धुराड्यातून आगगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज येतो आणि आतलं तापमान हजार अंशांच्या वर जातं. थर तीन मिलिमीटरचा झाला की धुराडं झाडा, या आजच्या सल्ल्यामागे हेच आहे.

सरकारं जागी झाली ती आगीपेक्षा धुरामुळे. अमेरिकेत १९८८ मध्ये नव्या स्टोव्हच्या धुरावर देशभर मर्यादा आली. १९९० पासून साध्या, म्हणजे उत्प्रेरक जाळी नसलेल्या, स्टोव्हला तासाला साडेसात ग्रॅम कण सोडायची मुभा होती, २०२० पासून ती दोन-अडीच ग्रॅमवर आली. त्यासाठी कुणी वरून गरम हवेचे झोत सोडून धूरच जाळला, कुणी कमी उष्णतेतही धूर जाळणारी, मधाच्या पोळ्यासारखी उत्प्रेरक जाळी बसवली. धूर कमी झाला, पण जाळी साफ करायचं आणि झिजली की बदलायचं नवं काम मालकाच्या गळ्यात पडलं. शिवाय असे स्टोव्ह ओलं लाकूड खपवून घेत नाहीत. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही.

राहिली दाराची दोरी. घट्ट दार आलं तेव्हाच ती आली, कारण फटीतून हवा शिरली तर झडप बंद करून उपयोग नाही. तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं, अर्थात स्टोव्ह थंड असताना, आणि पट्टी ओढून बघायची. अडकली तर ठीक, सहज सुटली तर दोरी बदलायला झाली. स्टोव्ह जुना असेल तर मात्र ती स्वतः खरवडू नये. आज ती काचतंतूंची असते, पूर्वी ॲस्बेस्टॉसचीही असे, आणि त्याचे तंतू श्वासात जाणं घातक.